एका चष्म्यामागचे चार हात

सन १६७१. लंडनच्या कॅनन स्ट्रीटवर भर रस्त्यात चष्म्यांचा चुरा करण्यात आला. एलिझाबेथ बॅग्नॉल नावाच्या बाईंचं तिथं किरकोळ मालाचं दुकान होतं. सुया, दोरे, फिती, बटणं ठेवणाऱ्या असल्या दुकानांतून तेव्हा चष्मेही विकले जात. चष्मेकारांच्या संघानं झडती घेतली, बावीस डझन चष्मे उचलले, तपासले आणि काच व चौकट दोन्ही टाकाऊ ठरवली. शिक्षा झाली ती मालाला. ‘लंडन स्टोन’ म्हणून ओळखला जाणारा एक प्राचीन दगड त्या रस्त्यावर आहे. त्याच्यावर ठेवून ते २६४ चष्मे हातोड्यानं फोडून टाकण्यात आले.

हा अधिकार संघाला १६ मे १६२९ रोजी राजा पहिला चार्ल्स याच्या सनदेनं मिळाला होता. धंद्यात कुणी यावं, उमेदवारी कुणाकडे करावी, कोणता माल बाजारात उभा राहू द्यावा हे संघ ठरवत असे. आज चष्म्याच्या दुकानात सकाळी शटर वर गेलं की विषय निघतो तो टार्गेटचा: या महिन्यात किती जोड, किती प्रोग्रेसिव्ह, किती रुपयांचं सरासरी बिल. चष्म्याच्या धंद्यात काय मोजायचं, हा प्रश्न मात्र टार्गेट या शब्दाच्या कितीतरी आधीचा आहे. प्रत्येक काळानं त्याला वेगळं उत्तर दिलं, आणि त्या उत्तरावर गिऱ्हाइकाला नीट दिसणार की नाही हे ठरत गेलं.

चष्मा जन्मला तेराव्या शतकाच्या अखेरीस, इटलीत. २३ फेब्रुवारी १३०६ रोजी फ्लॉरेन्समध्ये जिओर्दानो द पीसा या धर्मोपदेशकानं प्रवचनात सांगितलं, की ही कला सापडून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. मूळ कारागिराचं नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्यानं आपली युक्ती गुप्त ठेवली, असं पीसाच्या मठातली नोंद सांगते. त्याच मठातल्या अलेस्सांद्रो देल्ला स्पिना या साधूनं मात्र ती वस्तू पाहून स्वतः बनवली आणि जो विचारेल त्याला आनंदानं शिकवली. व्हेनिसच्या स्फटिक कारागिरांच्या नियमांत १३०० च्या सुमारासच साधी काच स्फटिक म्हणून विकायला मनाई झालेली दिसते, आणि त्या नियमांत डोळ्यांच्या भिंगांचाही उल्लेख आहे. म्हणजे चष्मा बाजारात आला त्याच पिढीत फसवणूकही आली आणि तिला आळा घालणारा नियमही आला.

दीडशे वर्षांनी या धंद्याची घाऊक ऑर्डर कशी दिसत होती, हे मिलानच्या दरबारातल्या पत्रांवरून कळतं. ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा यानं २१ ऑक्टोबर १४६२ रोजी फ्लॉरेन्समधल्या आपल्या वकिलाला तीन डझन चष्मे पाठवायला लिहिलं. एक डझन लांबचं पाहण्यासाठी, म्हणजे तरुणांसाठी. एक डझन जवळचं पाहण्यासाठी, म्हणजे म्हाताऱ्यांसाठी. आणि एक डझन साधारण नजरेसाठी. स्वतःला गरज नाही, पण लोक मागत असतात, असंही त्यानं कळवलं. त्याचा मुलगा गालेआत्सो मारिया यानं १४६६ मध्ये दोनशे चष्मे मागवले, तेही वयाच्या पायऱ्यांनुसार: तीस, पस्तीस, चाळीस असं करत सत्तरीपर्यंत. म्हणजे कारागिरांना चाळिशीचा हिशेब पुरता कळलेला होता. वय वाढतं तशी जवळची नजर कमी होते आणि काचेचा नंबर चढतो, हे त्यांनी गिऱ्हाइकं पाहून पाहून ताडलं होतं. डोळ्याच्या शास्त्राला ते समजायला अजून काही शतकं लागायची होती.

वयावरून चष्मा देण्याची ही रीत पुढे शतकानुशतकं चालली. न्यूरेम्बर्गचे तारेच्या चौकटीचे स्वस्त चष्मे फेरीवाल्यांच्या पाट्यांवरून युरोपभर गेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस यान व्हान डर स्ट्राट या चित्रकाराच्या चित्रांवरून ‘नोव्हा रेपर्टा’ नावाची नव्या शोधांची चित्रमालिका छापली गेली. त्यात छापखाना आणि तोफा यांच्या जोडीला चष्म्यालाही एक पान मिळालं आहे. तिथं चष्म्याचा व्यवहार उघड्या रस्त्यावर होतो. फेरीवाला एकटाच असे. माल त्याचा, तोंड त्याचं, पैसा त्याचा. गिऱ्हाईक एकेक चष्मा नाकावर ठेवून पाही आणि त्यातल्या त्यात बरा दिसेल तो घेऊन जाई. फेरीवाला पुढच्या गावाला निघून गेला की तक्रार कुणाकडे करणार? अशा धंद्यात मोजण्याजोगी एकच गोष्ट उरते: पाटी किती रिकामी झाली.

याच्या उलट टोकाला सेव्हिलचा बेनितो दासा दे वाल्देस उभा आहे. हा माणूस इन्क्विझिशनच्या न्यायालयात नोटरी होता, आणि १६२३ साली त्यानं चष्म्यांच्या वापरावर स्पॅनिशमध्ये आख्खा ग्रंथ लिहिला. त्यात संवाद आहेत. नजरेच्या तक्रारी घेऊन माणसं येतात, जाणकार उस्ताद त्यांना प्रश्न विचारतो, काचा लावून पाहतो, कुणाला कोणता अंश योग्य ते समजावतो. नंबर ठरवण्याचे तक्ते त्यानं दिले, आणि दूरगावच्या माणसानं पत्रानं चष्मा कसा मागवावा याचीही रीत सांगितली. विकण्याच्या आधी विचारणं हा या ग्रंथाचा गाभा आहे. चारशे वर्षांपूर्वीचे हे संवाद आजही दुकानात नव्यानं रुजू झालेल्या मुलाला वाचायला द्यावेत इतके जिवंत वाटतात.

भारतात चष्मा कधी आला, याचा मागोवा घेणाऱ्यांत एक महत्त्वाचं नाव पुण्याचं आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी रोजच्या वापरातल्या असंख्य वस्तूंचा इतिहास संस्कृत पोथ्यांतून खणून काढला. १५०० ते १८०० या काळातल्या भारतीय चष्म्यावर त्यांनी १९४७ मध्ये लेख लिहिला. विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळातले माध्व आचार्य व्यासराय चष्मा लावून पोथी वाचत, असा उल्लेख सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरित’ या काव्यात आहे, तो या लेखामुळे इतिहासाच्या चर्चेत आला. म्हणजे सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच दक्षिणेत चष्मा पोचला होता. तो आचार्यांच्या नाकावर होता, बाजारात नव्हता. सामान्य माणसाची चाळिशी तेव्हा आणि नंतरही कितीतरी पिढ्या बिनचष्म्याचीच गेली.

एकोणिसाव्या शतकानं धंद्याची घडीच बदलली. हर्मान हेल्महोल्ट्झनं १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचं यंत्र बनवलं. उट्रेख्टच्या हर्मान स्नेलेननं १८६२ मध्ये अक्षरांचा तो तक्ता दिला, जो आज तालुक्याच्या गावातल्या दुकानाच्या भिंतीवरही लटकलेला असतो. फर्दिनां मोनोये यानं १८७२ मध्ये डायॉप्टर हे माप सुचवलं. वयावरून अंदाज करण्याची गरज संपली आणि प्रत्येक डोळ्याचा स्वतंत्र नंबर काढता येऊ लागला. १८७७ चा वारसा सांगणारी आणि मुंबईत फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर दुकान असलेली लॉरेन्स अँड मेयो ही पेढी याच युगातली. चष्म्यांच्या जोडीनं मोजणीची आणि प्रयोगशाळेची उपकरणंही ती विकत आली आहे. चष्मा आता मोजमापाच्या शास्त्रात जमा झाला होता, तेव्हा ही जोडी जुळली यात नवल नाही.

नंबर काढणं हे कौशल्याचं काम ठरलं, तेव्हा त्याचे पैसे घ्यायचे का, हा प्रश्न आला. न्यूयॉर्कच्या चार्ल्स प्रेन्टिस या चष्मेकारानं १८९२ मध्ये एका गिऱ्हाइकाची तपासणी केली, त्याला नेत्रवैद्याकडे पाठवलं आणि आपल्या कामाचे तीन डॉलर घेतले. नेत्रवैद्य हेन्री नॉयस यांनी हरकत घेतली: चष्मेवाल्यानं वस्तू विकावी, तपासणीचं शुल्क घेऊ नये. त्या तीन डॉलरवरून जो वाद पेटला, त्यातून ऑप्टोमेट्री हा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. अमेरिकेतलं त्याचं पहिलं कायदेशीर रूप मिनेसोटा राज्यात १९०१ मध्ये आलं. प्रेन्टिसचं म्हणणं अगदी रास्त होतं. तपासणी फुकट ठेवली की सगळी कमाई विकलेल्या जोडावर येऊन पडते, आणि मग ज्याला चष्म्याची गरजच नाही त्यालाही तो देण्याचा मोह दुकानात घर करून बसतो. आपल्याकडे ‘कॉम्प्युटरवर मोफत डोळे तपासणी’ अशी पाटी लावलेल्या असंख्य दुकानांसमोर आजही हाच पेच आहे.

शास्त्र आलं तसं काम वाटलं गेलं. एका माणसाची पाटी होती, तिथं चार हात आले. एका चष्म्याचा प्रवास जवळून पाहिला तर हे नीट कळतं. पहिला हात नंबर काढणाऱ्याचा. उजवा डोळा, डावा डोळा, सिलिंड्रिकल नंबर असेल तर त्याचा अ‍ॅक्सिस, चाळिशी उलटली असेल तर जवळची अ‍ॅडिशन, हे सगळं तो कार्डावर लिहितो. दुसरा हात काउंटरवरचा. तो फ्रेम दाखवतो, चेहऱ्यावर बसवून बघतो आणि दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, मिलिमीटरमध्ये मोजतो. तिसरा हात फिटरचा. त्याच्याकडे काच येते ती गोल. लेन्सोमीटरवर नंबर पडताळून तो काचेवर शाईचे तीन ठिपके उमटवतो. मधला ठिपका म्हणजे काचेचं दृष्टिकेंद्र. ते बरोबर बाहुलीसमोर येईल असा हिशेब करून तो काच फ्रेमच्या आकारात घासतो, कडेला व्ही आकाराची धार ठेवतो, फ्रेम गरम करतो आणि काच खाचेत बसवतो. चौथा हात डिलिव्हरीचा. काड्या कानामागे वळवणं, नोज पॅड सारखे करणं, एक काच वर आणि एक खाली बसत नाही ना ते समोरून पाहणं, आणि गिऱ्हाइकाला वाचायला लावणं.

या चारांतला एक हात चुकला की उरलेल्या तिघांचं काम वाया जातं. तीन डॉलरवाल्या प्रेन्टिसनंच याचं गणितही मांडून ठेवलं आहे. डोळ्याची बाहुली काचेच्या केंद्रापासून जितके सेंटिमीटर दूर, त्याला काचेच्या नंबरनं गुणायचं. जो आकडा येईल तितका अनावश्यक प्रिझम डोळ्यावर पडतो. पाच नंबरची काच चार मिलिमीटर सरकली तर दोन प्रिझम डायॉप्टर. डोकं दुखायला तेवढं पुरे होतं. आता काउंटरवरच्या मुलाला फक्त रुपयांचं टार्गेट दिलं आहे असं समजा. तो उणे सहा नंबरच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात सगळ्यात मोठी, सगळ्यात महाग फ्रेम घालणार. मोठ्या फ्रेममध्ये उणे नंबरची काच कडेला जाड राहते, जड होते, नाकावरून घसरते. फिटर वैतागतो, डिलिव्हरीच्या वेळी गिऱ्हाईक नाराज होतं, आठ दिवसांनी चष्मा परत येतो आणि नंबर काढणाऱ्यावर ठपका बसतो. काउंटरच्या मुलाचं टार्गेट मात्र त्या महिन्यात पूर्ण झालेलं असतं.

एकेका माणसाला आकडा नेमून देण्याची ही पद्धत चष्म्याच्या धंद्यात जन्मली नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन गावी, जॉन पॅटरसन यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गल्ल्याची यंत्रं विकण्यासाठी ती घडवली. नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीच्या प्रत्येक विक्रेत्याला स्वतःचा प्रदेश मिळे, त्या प्रदेशाचा कोटा मिळे, आणि कोटा पूर्ण करणाऱ्यांचा ‘हंड्रेड पॉइंट क्लब’ असे. त्याच कंपनीत तयार झालेल्या थॉमस वॉटसननं ही रीत पुढे आयबीएममध्ये नेली. गल्ल्याचं यंत्र विकणारा माणूस एकटाच गावोगाव फिरे. त्याला एकट्याला कोटा देणं समजण्यासारखं होतं. जिथं माल चार हातांतून जातो तिथं तोच साचा बसवला की गडबड होते. १९९२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक विभागानं सीअर्स कंपनीच्या मोटार दुरुस्ती केंद्रांवर गरज नसलेली कामं गिऱ्हाइकांच्या माथी मारल्याचा आरोप केला. मुळाशी विक्रीचे कोटे आणि कमिशन होतं, आणि कंपनीला ती पद्धत मागे घ्यावी लागली.

मग उद्दिष्ट ठरवूच नये का? ओक्लाहोमातल्या लाकूडतोडीच्या ट्रकचालकांची गोष्ट याचं फार चांगलं उत्तर देते. गॅरी लॅथम आणि जेम्स बाल्डेस यांनी १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. कायद्यानं जितकं वजन नेता येत होतं, त्याच्या साधारण साठ टक्केच ओंडके ट्रकवर चढत. ‘जमेल तितकं करा’ असं सांगून काही फरक पडत नव्हता. मग कामगार संघटनेशी बोलून चौऱ्याण्णव टक्के असं नेमकं उद्दिष्ट ठरवलं. बक्षीस नाही आणि कमी भरलं म्हणून कुणाला बोलणीही नाहीत. पहिल्या महिन्यात भार ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेला. दुसऱ्या महिन्यात तो पुन्हा सत्तरवर घसरला. व्यवस्थापन शब्दाला जागतं का, हे चालक पाहत होते. कुणाला काही बोलणी बसली नाहीत, आणि तिसऱ्या महिन्यात भार नव्वदच्या पुढे गेला तो टिकला. उद्दिष्ट कठीण होतं, पण ते चालकांच्या हातातलं होतं. किती झाडं तोडली जातील, लाकडाला भाव काय येईल, याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. ट्रक किती भरायचा ते त्यांना ठरवता येत होतं.

हातातलं आणि हाताबाहेरचं यांतला फरक न कळल्यामुळे काय होतं, ते चष्म्याच्या धंद्यानं १९४८ मध्ये पाहिलं. ५ जुलैला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि चष्मा फुकट झाला. तोवर लाखो लोक बाजारातून घेतलेल्या किंवा आईबापांच्या जुन्या चष्म्यावर भागवत होते. पहिल्याच वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. अंदाजपत्रक कोलमडलं, काचा घासणाऱ्या कारखान्यांपुढे ऑर्डरींचा डोंगर साचला आणि लोकांना महिनोन् महिने थांबावं लागलं. शेवटी एप्रिल १९५१ च्या अर्थसंकल्पात चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क आलं, आणि ही सेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. गरजेचा आकडा खरा होता. लोकांची नजर खरोखरच इतकी दुर्लक्षित होती. घासणाऱ्या हातांची संख्या मात्र त्या हिशेबात कुणी नीट धरली नव्हती.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. तिथल्या काही राज्यांत चष्म्याच्या जाहिरातीला बंदी होती, काहींत मुभा. अर्थतज्ज्ञ ली बेनहॅम यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, की बंदीच्या राज्यांत चष्म्याची सरासरी किंमत सुमारे ३३ डॉलर पडत होती, तर मुभेच्या राज्यांत सुमारे २६ डॉलर. १९७८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं नियम केला, की डोळे तपासले की नंबरचा कागद गिऱ्हाइकाच्या हाती द्यायलाच हवा. गिऱ्हाईक मोकळं झालं, स्पर्धा वाढली, आणि १९८३ मध्ये ई. डीन बटलर यानं लेन्सक्राफ्टर्सचं पहिलं दुकान उघडलं.

बटलर साबण आणि घरगुती माल विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलमधून आलेला. दुकानातच काचा घासण्याची प्रयोगशाळा आणि साधारण तासाभरात चष्मा, हे त्याचं वचन. आधी चष्म्याला आठवडा-दीड आठवडा लागत असे, कारण काच दूरच्या कारखान्यात जाऊन येई. या तासाच्या वचनाकडे उद्दिष्ट म्हणून पाहिलं की त्यातली बुद्धी लक्षात येते. ते कुणा एकाला गाठता येत नव्हतं. नंबर काढणाऱ्यानं अक्षर गिचमिड लिहिलं तर घासणारा अडे. काउंटरवर पीडी चुकली तर काच पुन्हा घासावी लागे आणि तास हातचा जाई. फ्रेम दाखवतानाच साठ्यात नसलेली काच कबूल केली तर वचन तिथंच मोडे. चारही हातांना एकाच घड्याळाकडे बघणं भाग होतं, आणि ते घड्याळ गिऱ्हाइकाच्या मनगटावरही होतं. १९८४ मध्ये यू. एस. शू या कंपनीनं ही साखळी विकत घेतली, १९९५ मध्ये ती इटलीच्या लक्झॉटिकाकडे गेली. चष्म्याचा धंदा पुन्हा इटलीत पोचला.

काच जसजशी गुंतागुंतीची होत गेली तसतशी ही एकमेकांवरची भिस्त वाढली. बेर्नार मेतनाझ या फ्रेंच अभियंत्यानं घडवलेली व्हॅरिलक्स ही प्रोग्रेसिव्ह काच १९५९ मध्ये बाजारात आली. एकाच काचेत वर लांबचं, खाली जवळचं, मध्ये सगळे टप्पे. मधला पट्टा अरुंद. फ्रेम नाकावर बसवून बाहुलीची उंची मोजावी लागते, आणि दोन मिलिमीटरची चूक झाली तर गिऱ्हाईक जिना उतरताना चाचपडतं. दुकानासाठी ही सर्वांत जास्त नफ्याची काच आहे, आणि सर्वांत जास्त परत येणारीही तीच.

भारतात साखळी दुकानांचं युग उशिरा आलं. टायटननं चष्म्यांची दुकानं २००७ मध्ये सुरू केली, लेन्सकार्ट २०१० मध्ये निघालं. त्याआधीचा आणि आजही मोठा असलेला धंदा दिल्लीच्या बल्लीमारानसारख्या घाऊक बाजारांवर आणि गल्लोगल्लीच्या घरगुती दुकानांवर उभा आहे. पण उद्दिष्टाच्या बाबतीत या देशातला सर्वांत मोठा धडा दुकानांनी दिला नाही. तो मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं दिला. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर, १९७६ मध्ये, अकरा खाटांवर ते सुरू केलं. खेड्यांतल्या शिबिरांत डोळे तपासून नंबरचा कागद हाती देणं पुरेसं नाही, हे त्यांच्या लोकांनी ओळखलं. कागद घेऊन शहरात जायचं तर मजुरी बुडते, एसटीचं भाडं पडतं, आणि कागद ट्रंकेत पडून राहतो. म्हणून फ्रेम, काचा आणि घासणारे कारागीर शिबिरातच नेले गेले, आणि बहुतेकांचा चष्मा त्याच दिवशी डोळ्यावर चढू लागला. किती डोळे तपासले, हा आकडा शिबिराच्या बॅनरवर शोभतो. किती माणसं चष्मा लावून घरी गेली, हा आकडा काढायचा तर सगळ्या चमूला एकत्र राबावं लागतं.

त्या चष्म्यानं काय होतं, याचा भक्कम पुरावा आसामच्या चहामळ्यांतून आला. चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या ७५१ कामगारांवर झालेली चाचणी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची चहाची तोडणी, न दिलेल्यांच्या तुलनेत, २१.७ टक्क्यांनी वाढली. पन्नाशीपुढच्यांत तर ३१.६ टक्क्यांनी. चाळिशीचा साधा चष्मा, जो स्फोर्झाच्या ऑर्डरीत पाच-पाच वर्षांच्या पायरीनं मागवलेला होता, तो साडेपाचशे वर्षांनीही चहा खुडणाऱ्या कित्येक बायकांपर्यंत पोचलेला नव्हता. विक्री वाढवायला जागा कुठे आहे, हे शोधणाऱ्या प्रत्येक दुकानदारानं हा आकडा भिंतीवर लावावा.

महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम दुकानाचा हिशेब करून पाहू. समजा दिवसाला दहा माणसं नंबर काढून घेतात आणि सहा जण तिथंच चष्मा करतात. ‘पुढच्या महिन्यात विक्री दुप्पट’ असं टार्गेट लावलं तर आठवडाभरात सगळ्यांना कळतं की ते होणार नाही, आणि मग त्याकडे कुणी बघतही नाही. सहाचे सात करायचे ठरवलं तर सव्वीस दिवसांत सव्वीस जोड वाढतात. निघून जाणारे चौघं का जातात, हे नंबर काढणाऱ्याला आणि काउंटरला मिळून शोधता येतं: कुणाला किंमत जास्त वाटते, कुणाला घरच्यांना विचारायचं असतं, कुणाला तीन दिवस थांबायचं नसतं. तिसरं कारण फिटरच्या हातात आहे. परत येणारे चष्मे महिन्याला दहा असतील तर ते पाचावर आणणं, हे दुसरं उद्दिष्ट. त्यात तर नवं गिऱ्हाईकही लागत नाही. आकडा ठरवताना पंचांगही पाहावं लागतं. जूनमध्ये शाळा उघडल्या की मुलांचे नंबर निघतात, पितृपक्षात नवी खरेदी टाळणारी घरं अजून आहेत, आणि दसरा-दिवाळीत फ्रेमा चांगल्या खपतात. बारा महिन्यांना एकच आकडा लावला तर निम्मं वर्ष लोक आपण हरलो असंच समजून घरी जातात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

जगाच्या पातळीवरही आता एक उद्दिष्ट ठरलं आहे. जागतिक आरोग्य सभेनं २०२१ मध्ये ठराव केला, की चष्म्यानं सुधारू शकणाऱ्या नजरेच्या बाबतीत परिणामकारक सेवेचं प्रमाण २०३० पर्यंत चाळीस टक्के-बिंदूंनी वाढवायचं. मे २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठी ‘स्पेक्स २०३०’ हा उपक्रम सुरू केला. या मोजणीत नुसता वाटलेला चष्मा धरत नाहीत. चष्मा लावल्यावर त्या माणसाला नीट दिसलं, तरच तो मोजला जातो. हे माप कुठल्याही दुकानाला आजपासून वापरता येईल. डिलिव्हरीच्या वेळी गिऱ्हाइकाला पुन्हा तक्त्यासमोर बसवायचं, नव्या चष्म्यातून ६/१२ वाचतो, ६/९ की ६/६, ते कार्डावर लिहायचं. याला दोन मिनिटं लागतात. नंबर काढणारा, काउंटरवरचा आणि फिटर यांच्या देखत हे झालं, की चूक कुठे झाली ते त्याच दिवशी, गिऱ्हाईक दुकानात असतानाच कळतं.